मानाचं ताट

एस.टी.च्या थांब्यावर ताराचंदचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि वर टिनाचं छप्पर. सकाळची पहिली गाडी येऊन गेली की लक्ष्मणराव तिथे येत. खांद्याला ट्रान्झिस्टर, पायात फौजेतून आणलेले बूट, मिशा वर वळवलेल्या. फौजेत ते सुभेदार होते, पण परतल्या दिवसापासून गावाने त्यांना मेजर करून टाकलं होतं आणि लक्ष्मणरावांनीही ही बढती कधी नाकारली नव्हती.

अल्लीपूरच्या रस्त्यावरच्या या गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ज्याला ते आपलं वाटेल त्याने आपलं समजावं.

मेजरांच्या मतांची गावाला आता सवय झाली होती. देशाला शिस्त नाही. पुढाऱ्यांना रोज सकाळी मैदानावर पळवलं पाहिजे. रेशनच्या दुकानापुढे झुंबड करणाऱ्यांना लाइनीत उभं केलं पाहिजे, आणि हे मत तर त्यांनी दुकानापुढे स्वतः उभं राहून अमलातही आणलं होतं. आणीबाणी आली तेव्हा ते खूश झाले, कारण कचेरीतले बाबू वेळेवर यायला लागले. मग नसबंदीसाठी बाजारातून माणसं उचलून नेऊ लागले तसे ते बिथरले आणि निवडणुकीत चारचौघांत सांगून विरोधात मत टाकून आले. नवं सरकारही आपसात भांडायला लागलं तेव्हा मेजर म्हणाले, या सगळ्यांना एका बराकीत झोपवा, आपोआप ताळ्यावर येतील.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं मत जातीबद्दलचं होतं. आदल्या वर्षी मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावावरून वस्त्या जळाल्या. त्या बातम्या ताराचंदच्या बाकावर मोठ्याने वाचल्या गेल्या. वाचणारा थांबला तसा मेजरांनी मांडीवर हात आपटला.

"देशातल्या हरेक पोट्ट्याले दोन वर्स फौजेत धाडा," ते म्हणाले. "एका लंगरात जेवलं का जात राहतच नाई. मीनं पाह्यलं हाय."

बाकांवरच्या माना डोलल्या. त्यात कुणाचंच काही जात नव्हतं. चहा गरम होता आणि फौजेचा लंगर फार दूर होता.

मग कुणीतरी पुलाची गोष्ट सांगायला म्हणे आणि मेजर आढेवेढे न घेता सुरू करत. एकाहत्तरचा डिसेंबर, पूर्वेकडची एक नदी, सकाळचं दाट धुकं. त्यांची कंपनी लोखंडी होड्या एकीला एक जोडून फौजेसाठी पूल टाकत होती. पलीकडून तोफा सुरू झाल्या. एक होडी सुटून काठावर आदळली आणि तिच्याखाली लक्ष्मणरावांचा पाय चिखलात अडकला. मागे फिरण्याचा हुकूम झाला. सगळे गेले, एक जण गेला नाही. पाणी हनुवटीला लागलेलं. लक्ष्मणरावांनी त्याला सांगितलं, तू जा, कोणाले कळणार नाई. त्यावर तो म्हणाला, "मले कळन ना, साब." आणि तोफा थांबेपर्यंत तो त्यांचं डोकं पाण्याच्या वर धरून बसला. मग दोघांनी एकाच डब्यातली गार खिचडी खाल्ली.

'मले कळन ना' हे शब्द मेजरांच्या तोंडून निघायच्या आधीच बाकांवरची मंडळी म्हणून टाकत. गावात ते इतके रुळले होते की शाळेतली पोरंही खेळात कुणी लबाडी केली की तेच म्हणत.

एवढी घासूनपुसून सांगितलेली गोष्ट, पण तिच्यात एक शब्द कायम खाल्लेला असे. त्या माणसाला मेजर 'माहा जोडीदार' म्हणत. नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. लपवायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा गोष्ट सांगताना नाव ओठांवर आलं होतं, तेवढ्यात समोर कोण कोण बसलंय हे दिसलं आणि 'जोडीदार' जास्त सोयीचा वाटला. पुढे तेच चालत राहिलं. ऐकणाऱ्यांनी त्या जोडीदाराला केव्हाच आपापल्या जातीत घेऊन टाकलं होतं.

त्याचं नाव प्रेमदास. पुलगावचा. हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता तिकडेच एका गोदामावर पहारेकरी होता. त्याच्या बापाने छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. फौजेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिथे त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं.

लक्ष्मणरावांच्या एकुलत्या एक मुलीचं, कोकिळाचं, लग्न ठरलं. हिंगणघाटकडचं घराणं, शेतीवाडी चांगली, मुलगा रूपराव मॅट्रिक झालेला. त्याचे वडील किसनराव माजी सरपंच, शब्दाचे पक्के आणि मानपानाचे त्याहून पक्के. वैशाखातला मुहूर्त निघाला. त्याच सुमाराला वर्ध्याला सैनिकांच्या कँटीनमध्ये प्रेमदास भेटला. लक्ष्मणरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारून लग्नाला यायचंच म्हणून सांगितलं, वहिनींनाही आणायचं म्हणून बजावलं. प्रेमदास हसला, पण लगेच हो म्हणाला नाही. गावातलं लग्न आहे, आणखी एकदा विचार करा, असं त्याने सुचवून पाहिलं. लक्ष्मणरावांना राग आला.

"तू माह्या घरी येऊन राह्यला, गावाच्या घरी नाई," ते म्हणाले. "मांडवात बसाचं, पयल्या पंगतीत. मी सोता तुले वाढीन."

ते हे मनापासून बोलले होते. कँटीनच्या लाइनीत उभं असताना माणूस फौजेतच असतो. गाडीतून गावाच्या थांब्यावर उतरल्यावर मात्र ते ताराचंदकडे न थांबता सरळ घरी गेले.

घरी त्यांनी बायकोला, जयवंताला, प्रेमदासला बोलावल्याचं आणि तो कोण हेही सांगितलं. जयवंता पापडाचं पीठ मळत होती. ती एवढंच म्हणाली की किसनरावांची माणसं फार कडक आहेत. पण भिंतीपलीकडे शकुबाई बसल्या होत्या.

शकुबाई म्हणजे लक्ष्मणरावांच्या मोठ्या बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून माहेरीच. भाऊ फौजेत असताना घर, गोठा, कापूस, पोरीचं आजारपण, सगळं त्यांनीच ओढलं होतं. त्यांच्या शब्दापुढे मेजरांची शिस्तही जरा नरम पडे. त्या बाहेर आल्या आणि भांडल्या नाहीत, हेच लक्ष्मणरावांना अवघड गेलं.

त्या म्हणाल्या, त्या माणसाने माझ्या भावाचा जीव वाचवला, त्याचे पाय धुवून पाणी प्यावं लागलं तरी मी पिईन. पण पोरगी एकदा त्या घरी जाऊ दे. पंगतीत तो दिसला आणि किसनरावांचे लोक उठले तर कोकिळा जन्मभर मांडवातच बसून राहील. मग त्यांनीच तोड काढली. कापसाची खोली रिकामी होती. ती सारवून घ्यायची, चौरंग मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, पाहुण्यांना पत्रावळी असल्या तरी त्याला पितळी ताट, वर साजूक तूप, बाजूला उदबत्ती. जावयाला बसवतात तसं दोघा नवराबायकोला बसवायचं.

"तुले कोण म्हणन का अपमान केला?" शकुबाई म्हणाल्या. "उलट मान केला म्हणतीन. मी कुठी जेवतो रे दर लग्नात? त्याच खोलीत ना? मले काय कमी झालं?"

लक्ष्मणरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग ठीक आहे म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. मुलीचं लग्न सुखरूप पार पडणार होतं, जोडीदाराचा मान राहणार होता आणि आपलं मतही शाबूत राहणार होतं. इतकी सोयीची तोड निघाली की शहाण्या माणसाने जरा घाबरावं, पण ते घाबरले नाहीत. कापसाच्या खोलीला घरातून दार नव्हतं, ते मागच्या गल्लीत उघडत होतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातही आली नाही.

लग्नाच्या दिवशी जांभळीच्या डहाळ्यांनी मांडव गार झाला होता. मागच्या अंगणात चुलाणावर आलू-वांग्याची भाजी रटरटत होती आणि बुंदीचा वास थेट थांब्यापर्यंत पोचला होता. वऱ्हाड मुक्कामाच्या घरी, जानोशावर, उतरलं, चहापाणी झालं. दहाच्या गाडीने प्रेमदास आणि त्याची बायको भागीरथाबाई आली. प्रेमदासने पांढरा सदरा घातला होता, छातीवर युद्धातलं मेडल. भागीरथाबाईंच्या हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं, कोकिळासाठी.

लक्ष्मणरावांनी पुढे होऊन प्रेमदासला कडकडून मिठी मारली. लोक पाहत राहिले. पुलाची गोष्ट किसनरावांनी बोलणीच्या वेळी ऐकली होती; मेडल पाहून त्यांनी कौतुकाने विचारलं, हेच का तुमचे पुलावरचे जोडीदार? लक्ष्मणरावांनी मान हलवली. किसनरावांनी प्रेमदासला रामराम घातला, प्रेमदासने 'जयहिंद' म्हणून उत्तर दिलं. इथपर्यंत सगळं नीट होतं.

मांडवाच्या बाहेर वाजंत्री बसले होते. डफडं वाजवणारे बंडूजी वस्तीतले, पुलगावकडे त्यांची सोयरीक. त्यांची नजर प्रेमदासवर गेली आणि त्यांच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या.

"जय भीम, मामा," ते आनंदाने ओरडले. "तुमी इथी कसे?"

डफडं थांबल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. प्रेमदासने हात जोडून 'जय भीम' म्हटलं, नेहमी म्हणत असे तसंच, ना हळू ना मोठ्याने. किसनरावांच्या चेहऱ्यावरचं कौतुक विरलं. त्यांनी काही न बोलता आपला रामराम घातलेला हात धोतराला पुसला. तो हात लक्ष्मणरावांनी पाहिला. पण भटजी घाई करत होते, अंतरपाट धरला गेला, आणि अक्षता टाकताना माणसाला दुसरं काही न पाहण्याची सोय असते.

लग्न लागलं. पत्रावळी पडल्या, मांडवाच्या एका बाजूला पुरुषांची रांग, दुसऱ्या बाजूला बायकांची. वाढपी भाताच्या परड्या घेऊन उभे राहिले. प्रेमदास सांगितल्याप्रमाणे पहिल्या रांगेत जाऊन बसला. भागीरथाबाई बायकांच्या रांगेत टोकाला बसल्या. प्रेमदासच्या शेजारी बसलेला वऱ्हाडी उठला आणि काही आठवल्यासारखं करून दुसरीकडे गेला. त्याच्या पलीकडचाही गेला. किसनराव अजून उभेच होते. त्यांनी लक्ष्मणरावांना नुसत्या डोळ्यांनी बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, हे असंच राहणार आहे का?

लक्ष्मणराव प्रेमदासजवळ गेले. वाकून, हसत, पाठीवर हात ठेवून ते म्हणाले की तुझ्यासाठी आत खास ताट मांडलं आहे, मानाचं, इथे गर्दीत कशाला बसतोस. प्रेमदासने वर पाहिलं. क्षणभरच. मग हुकूम झाल्यासारखा तो उठला आणि भागीरथाबाईंना हाक मारली.

लक्ष्मणराव त्यांना घेऊन मांडवाबाहेर पडले. घराला वळसा घालून, शेणाच्या ढिगाजवळून, उष्ट्या पत्रावळी टाकायला खणलेल्या खड्ड्याच्या कडेने ते मागच्या गल्लीत आले. तेवढ्या वाटेत लक्ष्मणरावांना कळलं की आत म्हणून ज्याला नेतो आहोत त्याला आपण बाहेर काढत आहोत. तरीही ते चालत राहिले, कारण आता थांबायचं कसं ते त्यांना सुचेना.

खोली खरंच सुंदर सजवली होती. दोन चौरंग, दोन ताटं, भोवती रांगोळी. वाटीत तूप. कोपऱ्यात उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. बाहेर मांडवातला गलबला इथे दूरच्या गावाचा वाटावा इतका दबून येत होता. प्रेमदास उंबऱ्याशी उभा राहिला. जोडे त्याने काढले नाहीत.

"साब, माह्या बाजूले कोण बसणार हाय?" त्याने विचारलं.

लक्ष्मणराव म्हणाले की इथे तुम्ही दोघंच, निवांत, कुणाची कटकट नाही.

प्रेमदासने उदबत्तीकडे बोट केलं. "आमच्या घरी बाप मेला तवा त्याच्या फोटोपुढं असंच ताट ठेवलं होतं. एकट्याचं, उदबत्ती लावून. मान मेलेल्याले देतात, साब. जित्या माणसाले पंगत देतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. लक्ष्मणरावांना वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भागीरथाबाईंनी कागदातलं लुगडं पुढे केलं, पोरीला द्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर ओढून गल्लीकडे तोंड केलं.

"तुमी मांडवात जा," प्रेमदास म्हणाला. "पोरीचं लगन हाय, खोळंबा नका करू. आमी ह्या गल्लीनंच थांब्यावर जातो. कोणाले कळणार नाई."

लक्ष्मणरावांच्या हातात लुगडं तसंच राहिलं. हे शब्द त्यांचे होते. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी ते हे शब्द चहाच्या घोटाबरोबर सांगत आले होते. पाणी हनुवटीपर्यंत आलेल्या माणसाने ते म्हटले होते आणि दुसऱ्याने ते मानले नव्हते. आज प्रेमदास ते म्हणत होता. लाजेने त्यांचे कान तापले. आपण आयुष्यात एकदाच भ्यालो असं त्यांना वाटत असे, त्या नदीत. ते खोटं होतं. त्या दिवसापेक्षा ते आज जास्त भ्याले होते, आणि समोर तोफही नव्हती, एक माजी सरपंच होता.

"थांब," ते म्हणाले. "पाच मिन्ट थांब, प्रेमदास. हात जोडतो."

ते स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरले. कोकिळा हळदीच्या लुगड्यात, मुंडावळ्या बांधलेली, आईजवळ बसली होती. शकुबाईंनी भावाचा चेहरा पाहिला आणि त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. लक्ष्मणरावांनी मुलीला सगळं सांगितलं. मी आता त्यांना मांडवात नेऊन बसवणार आहे, तुझ्या सासरचे लोक उठतील, कदाचित तुला इथेच टाकून जातील, असं काहीही न झाकता सांगितलं. लग्न तुझं आहे, तू नको म्हणालीस तर नाही नेणार, असंही म्हणाले. बाप म्हणून हे बरोबर होतं की मुलीच्या खांद्यावर ओझं टाकणं होतं, हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं.

कोकिळाला सासर नको होतं असं नाही. रूपराव तिला आवडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मुंडावळी डोळ्यांवरून बाजूला केली.

"बाबा, मले त्या घरी जनमभर जेवाचं हाय," ती म्हणाली. "ते लोकं कोणाच्या बाजूले बसतात अन् कोणाच्या नाई, थे आजच कळू द्या."

शकुबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या. सगळं धुळीला मिळालं म्हणून त्या रडू लागल्या. प्रेमदास ताटाबद्दल काय म्हणाला ते लक्ष्मणरावांनी जाता जाता त्यांनाही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ते ऐकून शकुबाईंचं रडणं मात्र मध्येच थांबलं.

मांडवात भात वाढून झाला होता. लोक हात आखडून बसले होते, किसनराव बसल्याशिवाय कुणी सुरू करणार नव्हतं. लक्ष्मणराव मांडवाच्या पुढच्या दाराने, मागच्या गल्लीत थांबलेल्या प्रेमदासचा हात धरून आत आले. मागे भागीरथाबाई. रांगेतल्या रिकाम्या जागी त्यांनी प्रेमदासला बसवलं, स्वतः वरणाचं भांडं घेतलं आणि त्याच्या भातावर वरण वाढलं. मग मुलीच्या बापाने पहिल्या पंगतीत बसू नये ही रीत मोडून ते त्याच्या शेजारी मांडी घालून बसले.

किसनरावांचा आवाज चढला नाही. ते अनुभवी गृहस्थ होते. जवळ येऊन ते म्हणाले, "मेजर, हे बोलणीत नव्हतं. याईले आतच जेऊ घाला ना, चांगलं जेऊ घाला. आमी पाह्यलं नाई समजू. कोणाले कळणार नाई."

सगळा मांडव कान देऊन होता. ताराचंद वाढप्यांत होता, त्याच्या हातातली परडी तशीच राहिली. लक्ष्मणरावांनी मान वर केली.

"मले कळन ना, व्याही," ते म्हणाले.

गावच्या माणसांपैकी असा एकही नव्हता ज्याला ते शब्द ओळखू आले नाहीत. इतके दिवस हसत हसत ज्यांनी ते मेजरांच्या आधी म्हणून टाकले होते, त्यांच्यातल्या कुणाचेही ओठ आज हलले नाहीत. लक्ष्मणराव त्यांच्याकडे वळून म्हणाले की गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगत आलो. माझ्या जोडीदाराचं नाव प्रेमदास. तो पुलगावचा. एवढं नाव घ्यायला मला इतकी वर्षं लागली. मग त्यांनी पत्रावळी पुढे ओढली आणि भात कालवायला घेतला.

किसनराव वळले आणि मांडवाबाहेर निघाले. त्यांच्यामागे वऱ्हाड उठलं, वाढलेला भात तसाच सोडून. गावातलेही बरेच उठले, काही घाईने, काही इकडेतिकडे पाहत. रूपराव बाशिंग बांधलेला, मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याने कोकिळाकडे पाहिलं. ती भागीरथाबाईंच्या शेजारी येऊन बसली होती, नव्या लुगड्याची घडी मांडीवर ठेवून. तिने त्याला बोलावलं नाही. बापाने दुसऱ्यांदा हाक मारली तशी तो मान खाली घालून निघून गेला. जयवंताच्या तोंडून एक हुंदका निघाला आणि तिने पदर तोंडात कोंबला.

मांडवात टाकून दिलेल्या पत्रावळींच्या दोन रांगा उरल्या. ताराचंदने परडी खाली ठेवली, थोडा घुटमळला, आणि प्रेमदासच्या दुसऱ्या बाजूला बसला. लक्ष्मणरावांनी बाहेर पाहून बंडूजींना आणि त्यांच्या माणसांना हाक मारली. ते वाजंत्री, त्यांचं जेवण सगळ्यांच्या शेवटी मांडवाबाहेर असे, आणि आजवर हेही मेजरांनी पाहिलं नव्हतं असं नाही. ते आत आले, अवघडून बसले. त्यांच्यानंतर गावातली आणखी काही माणसं परत फिरली. मोजकीच होती.

सगळ्यात शेवटी शकुबाई आल्या. कापसाच्या खोलीतलं एक पितळी ताट त्यांनी हातात उचलून आणलं होतं. बायकांच्या रांगेपर्यंत येऊन त्या थांबल्या. लग्नाच्या पंगतीत त्या विसाव्या वर्षानंतर बसल्याच नव्हत्या. बाईमाणूस मोठी आहे, घरची कर्ती आहे, तिचं ताट आत मानाने मांडा, असं सगळे म्हणत आणि त्यांनाही ते खरं वाटे. त्यांनी ताटातली बुंदी भागीरथाबाईंच्या पत्रावळीवर आणि कोकिळाच्या पत्रावळीवर वाढली, रिकामं ताट बाजूला पालथं घातलं आणि जमिनीवर बसल्या.

"मलेबी वाढ वो, जयवंता," त्या म्हणाल्या. "इतके वर्स मी मेलेल्यावानीच जेवून राह्यली."

प्रेमदासने दोनदा भात मागून घेतला. निघताना त्याने लक्ष्मणरावांना सलाम केला नाही, नुसता हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला.

पुढचा महिना घराने कसा काढला ते त्या घरालाच ठाऊक. लग्न झालेली पोरगी माहेरी, आणि गाव दारावरून जाताना पाय उचलून जाणार. जयवंता दिवस दिवस बोलत नसे. लक्ष्मणराव मात्र सकाळी ताराचंदच्या हॉटेलात जात राहिले. त्यांच्या बाकावर आता गर्दी नसे. देशाला शिस्त नाही हे मत त्यांनी बरंच आवरतं घेतलं होतं, कारण बोलायला लागलं की आपलंच अंगण आडवं येई. पुलाची गोष्ट कुणी मागत नसे, तरी ते सांगत. आता ती नावापासून सुरू होई.

मिरगाच्या आधी एका सकाळी रूपराव एकटाच गाडीतून उतरला आणि कुणाशी न बोलता मेजरांच्या घराकडे गेला. बाप हट्टाला पेटला आहे, पण मी तुला न्यायला आलो, असं त्याने कोकिळाला सांगितलं. कोकिळाने त्याला पाणी दिलं, चहा दिला, जेवायला थांबा म्हणाली नाही. ती म्हणाली, आधी पुलगावला जा. भागीरथाकाकूंच्या घरी, त्यांच्या माणसांच्या पंगतीला बसून जेवून या. मग मी येते.

तासाभराने तो परत थांब्यावर आला. लक्ष्मणराव बाकावर बसले होते. जावई आणि सासरा एकमेकांकडे पाहणं टाळत राहिले. रूपरावने ताराचंदलाच हळूच विचारलं की पुलगावकडे जायचं तर कोणती गाडी धरायची. ताराचंदने चहाची किटली खाली ठेवली आणि मेजरांकडे पाहिलं.

"वर्ध्याची गाडी येईन आता," लक्ष्मणराव म्हणाले. "तिथून रेल भेटते." मग ते बाकावर थोडे सरकले आणि शेजारी जागा केली. "बसा."

रूपराव बसला. थांब्यावर गावची आणखी बरीच माणसं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाडी आली, दार उघडलं, रूपराव चढला आणि कंडक्टरने आणखी कोणी आहे का म्हणून विचारलं. वर्ध्याहून पुलगाव काही दूर नाही.